पहिल्या सामन्यापासून मागे मोजा: मुलांच्या बेसबॉल टीमचा हंगामपूर्व सराव

हंगाम जवळ आला की बहुतेक कोच सरावाच्या पहिल्या दिवसापासून वेळापत्रक लिहायला घेतात. सोमवारी बॅटिंग, बुधवारी फिल्डिंग, शनिवारी धावणं. कागदावर ते छान दिसतं आणि तिसऱ्या आठवड्यात एखाद्या मुलाचं कोपर दुखायला लागलं की कोलमडतं. मुलांच्या पायांत दम लवकर येतो, बॅटची लयही थोड्या सरावात परत सापडते. फेकणाऱ्या हाताला मात्र घाई चालत नाही. म्हणून आधी हाताचं वेळापत्रक लिहायचं आणि बाकीचा सराव त्याच्याभोवती बसवायचा. या लेखातला सगळा आराखडा याच एका गोष्टीवर उभा आहे.

यामागचं कारण हाडांमध्ये आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, ज्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथूनच वाढते, आणि आसपासच्या स्नायूंपेक्षा व अस्थिबंधांपेक्षा हा भाग कमकुवत असतो. पिच करताना, म्हणजे समोरच्या बॅटरला चेंडू टाकताना, कोपराच्या आतल्या बाजूला जोराचा ताण बसतो. मोठ्या माणसात तो अस्थिबंधावर येतो, लहान मुलात या थरावर. कोपराच्या आतल्या बाजूच्या अशा दुखण्याला ‘लिटल लीग एल्बो’ आणि खांद्याजवळच्या दुखण्याला ‘लिटल लीग शोल्डर’ म्हणतात. दोन्हींवर मुख्य इलाज एकच, फेकणं थांबवणं, आणि त्यात बरेचदा अख्खा हंगाम जातो.

तारीख ठरवा आणि उलटं मोजा

पहिल्या सामन्याची तारीख वहीत सगळ्यात खाली लिहा. तिथून मागे ६ आठवडे म्हणजे टीमचा सराव. त्याच्याही मागे २ आठवडे म्हणजे घरचा सराव: एक दिवसाआड पालकासोबत किंवा भावंडासोबत ३० ते ४५ फुटांवरून २०-२५ हलके थ्रो, थोडं धावणं, एवढंच. हे दोन आठवडे फुकट मिळतात आणि तरीही बहुतेक टीम ते वाया घालवतात. मुलं दोन-तीन महिने चेंडूला हात न लावता थेट पहिल्या सरावाला येतात आणि मित्रांसमोर पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावून फेकतात.

ते दोन-तीन महिने चेंडूला हात न लावणं मात्र चांगलंच आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये आणलेल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वांत वर्षातून किमान ४ महिने पिचिंग बंद ठेवायला सांगितलंय, आणि त्यातले २ ते ३ महिने सलग, डोक्यावरून कुठलीही फेक न करता. तेव्हा हंगामपूर्व तयारी म्हणजे वर्षभर चालू असलेल्या सरावात आणखी भर, असं समजू नका. विश्रांतीनंतर हात हळूहळू परत कामाला लावणं म्हणजे तयारी.

आठवड्याला किती सराव? १० वर्षांपर्यंत दोन पुरतात, ७५ मिनिटांचे. ११-१२ साठी तीन, दीड तासाचे. १३-१४ साठी तीन, दोन तासांपर्यंत. चौथा दिवस मिळत असेल तर तो न फेकण्याचा दिवस ठेवा: बॅटिंग आणि धावणं.

पिचर किती लागतील?

हा हिशेब हंगाम सुरू झाल्यावर करणाऱ्या कोचची दर शनिवारी धावपळ होते. आत्ताच करून टाका.

समजा टीम ११-१२ वयोगटाची आहे, सामने ६ इनिंगचे आहेत आणि आठवड्याला दोन सामने आहेत. म्हणजे १२ इनिंग. या वयात एका इनिंगला १५ ते २० पिच सहज लागतात, म्हणजे आठवड्याला १८० ते २४० पिच. आता ‘पिच स्मार्ट’चे आकडे पाहा. एका दिवसाची कमाल मर्यादा ७-८ वयाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ आणि १३-१४ ला ९५. त्यानंतर सक्तीची विश्रांती ९ ते १४ वयासाठी अशी:

- १ ते २० पिच: दुसऱ्या दिवशी पिच करता येतं
- २१ ते ३५: १ दिवस
- ३६ ते ५०: २ दिवस
- ५१ ते ६५: ३ दिवस
- ६६ च्या पुढे: ४ दिवस

तुमच्या लीगचे आकडे थोडे वेगळे असतील तर ते पाळा, पण या चौकटीपेक्षा सैल होऊ नका. ८५ ही मर्यादा आहे, ते गाठायचं लक्ष्य नव्हे. एका मुलाला एका खेपेला ४० ते ५० पिच असं धरलं तर आठवड्याला किमान पाच-सहा पिचर लागतात. एखादा आजारी पडला, एखादा परीक्षेला बसला, तरी टीम चालायला हवी. म्हणून १२-१३ मुलांच्या टीममध्ये निदान सात जणांना पिचर म्हणून तयार करा. त्यातले तिघे हंगामात क्वचितच माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) जातील, तरी चालेल. जोरात फेकणारे दोघेच पिचर असलेली टीम जिंकत असते तोवर सगळ्यांना आवडते, आणि त्या दोघांच्या हातांची कोणी चौकशी करत नाही.

कॅचरची निवडही याच वेळी करा. बॅटरच्या मागे बसलेला कॅचर प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतो, शिवाय चोरी करणाऱ्या (पिच होत असतानाच पुढचा बेस गाठू पाहणाऱ्या) रनरमागे दुसऱ्या बेसला जोराची फेक असतेच. म्हणजे पिचरखालोखाल सगळ्यात जास्त थ्रो त्याचेच. एकाच दिवशी एकच मूल पिचर आणि कॅचर नको. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात ४१ किंवा अधिक पिच केलेला खेळाडू त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही. सरावातही तोच नियम लावा. तीन कॅचर तयार ठेवा.

हाताची वही

एक साधी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. दर सरावाला तीन गोष्टी लिहा: अंदाजे किती थ्रो झाले, त्यातले किती पूर्ण जोराचे, आणि हात कसा वाटतोय याला मुलाने दिलेले १ ते १० पैकी गुण.

पिच काउंट सगळेच ठेवतात, पण त्यात फक्त सामन्यातले पिच येतात. इनिंगआधीचे वॉर्म-अप पिच, शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवरून) पहिल्या बेसला मारलेले चाळीस थ्रो, आउटफिल्डमधून होमला (बॅटर उभा असतो तिथे) केलेली फेक, दुसऱ्या टीमकडून शनिवारी खेळलेला सामना, हे कुठेच मोजलं जात नाही. हाताला त्याने काही फरक पडत नाही, तो सगळंच मोजतो. म्हणून पालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारा: मूल आणखी कुठल्या टीममध्ये आहे का, खाजगी कोचकडे जातं का, दुसरा कुठला फेकीचा खेळ खेळतं का. उत्तर ‘हो’ असेल तर तिथले आकडे दर आठवड्याला या वहीत यायला हवेत.

ही काळजी अती वाटत असेल तर २००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा अभ्यास लक्षात घ्या. कोपराची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची तुलना त्यांनी दुखापत न झालेल्यांशी केली. थकलेल्या हाताने वारंवार पिच करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. वर्षात ८ महिन्यांहून जास्त काळ पिच करणाऱ्यांमध्ये ५ पट, आणि एका सामन्यात सरासरी ८० हून जास्त पिच करणाऱ्यांमध्ये जवळपास ४ पट. आकड्यांच्या मर्यादेपेक्षाही थकवा ओळखणं किती मोलाचं आहे ते यातून कळतं. वहीतला १ ते १० चा आकडा त्यासाठीच आहे.

फेकीची चढण, आठवड्यानुसार

पुढचा क्रम ११-१२ वयासाठी आहे. ९-१० वाल्यांना थ्रो एक तृतीयांशाने कमी करा. फेकीचे दिवस आठवड्याला तीन, मध्ये किमान एक दिवस मोकळा.

पहिला आठवडा: ४५ फुटांवरून २५ थ्रो, ५ मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. जोर अर्धा. पिचर वेगळे काढायचे नाहीत.

दुसरा आठवडा: तेच, ६० फुटांवरून. चेंडू कमानीत गेला तरी हरकत नाही, फेकताना पाय सरकले पाहिजेत.

तिसरा आठवडा: ६० ते ७५ फूट. पिचर एक दिवस सपाट जमिनीवरून बसलेल्या कॅचरला १५ पिच करतील, दुसऱ्या दिवशी माउंडवरून अर्ध्या जोराने १५. तिसऱ्या दिवशी फक्त साधी फेक.

चौथा आठवडा: बाकीचे ९० फुटांपर्यंत जातात. पिचर माउंडवरून एकदा २० आणि एकदा २५ पिच, मध्ये दोन दिवस. फास्टबॉल आणि चेंजअप (त्याच हालचालीत टाकलेला हळू चेंडू). एवढेच.

पाचवा आठवडा: एक बुलपेन (बॅटरशिवाय, नुसत्या कॅचरला पिच करण्याचा सराव) २५ पिचचं, एकदा प्रत्यक्ष बॅटरला ३० ते ३५.

सहावा आठवडा: आठवड्याच्या सुरुवातीला सराव सामन्यात ३५ ते ४०, दोन तुकड्यांत, मध्ये डगआउटमध्ये बसून. त्यानंतर सामन्याच्या दोन दिवस आधीपर्यंत फक्त हलकी फेक.

कर्व्हबॉलचा, म्हणजे हवेत वळणाऱ्या पिचचा, प्रश्न येणारच, बहुधा एखाद्या वडिलांकडून. उत्तर सोपं ठेवा: फास्टबॉल दहापैकी सात वेळा हव्या त्या जागी पडायला लागला आणि चेंजअप त्याच हालचालीत फेकता आला की मग बोलू. ‘पिच स्मार्ट’सुद्धा १३-१४ वयात, या दोन्हींवर पकड आल्यानंतरच वळणाऱ्या पिचचा विचार करायला सांगतं. बारा वर्षांच्या बॅटरला हळू येणारा चेंडूच पुरेसा फसवतो.

एखादा मुलगा आठवडाभर आला नाही तर तो परत येईल तेव्हा त्याला टीमच्या पायरीवर चढवू नका. जिथे सोडलं होतं तिथून, किंवा एक पायरी खालून सुरू. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, कारण हंगाम जवळ आलेला असतो आणि तो मुलगा बहुतेक वेळा चांगला पिचर असतो.

तेराव्या वर्षाची उडी

लिटल लीगच्या १२ पर्यंतच्या मैदानावर बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचिंगचं अंतर ४६ फूट असतं. पूर्ण मैदानावर तेच ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. म्हणजे पिचिंगचं अंतर जवळपास एक तृतीयांशाने आणि धावण्याचं दीडपटीने वाढतं. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसला करायची फेक सुमारे ८५ फुटांवरून थेट १२७ फुटांवर जाते. याच वयात उंची भराभर वाढत असते, आणि गेल्या वर्षीपर्यंत सुरेख खेळणारं मूल स्वतःच्याच पायात अडखळायला लागतं.

तुमची टीम या उंबरठ्यावर असेल तर ६ ऐवजी ८ आठवडे घ्या. थ्रोचं अंतर १२० फुटांपर्यंत वाढवा, पण माउंडवर जाणं दोन आठवडे पुढे ढकला. मधल्या मापाचं मैदान मिळत असेल, जसं लिटल लीगमधल्या इंटरमीडिएट गटाचं ५० आणि ७० फुटांचं, तर सराव सामने तिथे खेळवा. तिसऱ्या बेसवरच्या मुलाला एक टप्पा देऊन फेकायला शिकवा. एक टप्पा घेऊन छातीवर आलेली फेक पहिल्या बेसमनला डोक्यावरून जाणाऱ्या फेकीपेक्षा कितीतरी सोयीची. आणि दर महिन्याला उंची मोजा. महिन्यात उंची चटकन वाढलेली दिसली तर त्या मुलाचे थ्रो थोडे कमी करा आणि टाच, गुडघा, कोपर यांची विचारपूस जास्त करा.

पहिल्या सरावाआधी

पालकांची एक बैठक घ्या, अर्ध्या तासाची. डॉक्टरांची तपासणी झालेली असावी. दमा, ॲलर्जी, जुनी दुखापत, चालू औषधं यांची नोंद तुमच्याकडे लेखी हवी आणि इनहेलर मुलाच्या बॅगेत हवा, गाडीत नको. आणीबाणीत काय करायचं तेही त्याच दिवशी ठरवा: फोन कोण करणार, फाटक कोण उघडणार, बाकीच्या मुलांना कोण बाजूला नेणार, मैदानाचा नेमका पत्ता काय. मैदानावर किंवा जवळच्या इमारतीत एईडी (विजेच्या झटक्याने हृदयाची लय परत आणणारं यंत्र) आहे का ते बघून ठेवा. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या चेंडूने हृदयाची लय बिघडल्याच्या घटना या खेळात घडलेल्या आहेत, आणि तिथे पहिली काही मिनिटंच निर्णायक असतात.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, मळमळलं किंवा डोकं धरून बसलं तर त्या दिवशी खेळ संपला. पुन्हा मैदानावर यायचं ते डॉक्टरांच्या परवानगीने. वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. उन्हाळी सुरुवात असेल तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिले दोन आठवडे सराव सकाळी किंवा संध्याकाळी आणि थोडा छोटा, पाण्याची सुट्टी दर १५-२० मिनिटांनी. पाणी तहान लागली म्हणून मागायची वेळ येऊ नये.

साहित्यात हेल्मेट, कॅचरचा पूर्ण सरंजाम, आणि ज्याला पेलेल ती बॅट. मुलाने बॅट एका हाताने खांद्याच्या उंचीला सरळ समोर धरावी. काही सेकंदांत टोक खाली झुकायला लागलं तर बॅट जड आहे. मोठ्या भावाची बॅट हे बिघडलेल्या स्विंगचं एक मोठं कारण असतं.

वॉर्म-अप

नियम एकच: फेकून गरम व्हायचं नाही, गरम होऊन फेकायचं. आधी दोन-तीन मिनिटं हलकं धावणं, मग उड्या मारत चालणं, गुडघे वर उचलत धावणं, लंजमध्ये धड वळवणं, आडवं सरकत धावणं. मग हातांची वर्तुळं, रबरी बँडने खांद्याच्या मागच्या स्नायूंचे दोन-तीन प्रकार, प्रत्येकी १०-१२ वेळा. एकूण १० ते १२ मिनिटं. एका जागी बसून ताणण्याचे व्यायाम सरावाच्या शेवटी. पहिल्या आठवड्यात वॉर्म-अप कोचने घ्यावा, तिसऱ्यापासून मुलांपैकी कोणीतरी.

दम, वेग आणि ताकद

बेसबॉलमध्ये मूल एका दमात फार पळत नाही. होमपासून पहिला बेस ६० फूट, म्हणजे साधारण १८ मीटर. तीन-चार सेकंद जीव तोडून धाव, मग बराच वेळ उभं राहणं, मग पुन्हा धाव. मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावून यासाठीची तयारी होत नाही. त्याने मुलं कंटाळतात आणि हळू धावायची सवय लागते.

त्याऐवजी वॉर्म-अपनंतर लगेच, पाय ताजे असताना, १० ते २० मीटरच्या धावा. पहिल्या आठवड्यात ६, चौथ्यापर्यंत १०. दोन धावांमध्ये चालत परत येणं आणि अर्धा-एक मिनिट थांबणं. ही विश्रांती कमी केली की वेगाचा सराव संपतो आणि दमवण्याचा सुरू होतो. सुरुवात दर वेळी बदला: उभं राहून, पाठमोरं, पोटावर झोपून, बॅट फिरवल्यासारखं करून, पहिल्या बेसवरच्या पवित्र्यातून. शर्यत लावा, मुलं आपोआप पूर्ण जोर लावतात. चूक झाली म्हणून धावायची शिक्षा मात्र कधीच नको. धावणं हे या खेळातलं एक कौशल्य आहे, त्याला शिक्षा केलं की ते कौशल्य गेलं.

ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, हा समज अजून टिकून आहे. नीट देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला ताकदीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित असतो. सुरुवात स्वतःच्या वजनाने: स्क्वॉट, लंज, पुश-अप, प्लँक, बाजूचा प्लँक, एका पायावर पुढे वाकून उभं राहणं, बँड छातीकडे ओढणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. जोरदार फेक पायांतून सुरू होते, कंबर आणि धड ती वर नेतात, आणि हात शेवटी येतो. पाय आणि धड कमी पडलं की ती कसर हात भरून काढतो. म्हणून पिचरच्या व्यायामात एका पायावरचे व्यायाम आधी. एका पायावर १० सेकंद स्थिर उभं राहता न येणाऱ्या मुलाला माउंडवरून वेग वाढवायला सांगण्यात अर्थ नाही.

एक सराव कसा बसवायचा

तिसऱ्या आठवड्यातला दीड तास, १२ मुलं आणि ३ मोठी माणसं, असं धरून:

- ० ते १२ मिनिटं: वॉर्म-अप
- १२ ते २०: स्प्रिंट
- २० ते ३४: जोड्यांत फेक. पिचर इथूनच थेट बुलपेनकडे, हात गरम असतानाच
- ३४ ते ७०: तीन स्टेशन, प्रत्येकी १२ मिनिटं, चार-चार मुलं
- ७० ते ८५: सामन्यासारखा छोटा खेळ
- ८५ ते ९०: ताणाचे व्यायाम, हाताचे गुण, वही

रांग दिसली की समजायचं, आराखडा चुकलाय. बारा जण एका ओळीत उभे आणि कोच एकेकाला ग्राउंडर (जमिनीवरून सरपटणारा चेंडू) मारतोय, या पद्धतीत मुलाला दहा मिनिटांत तीन चेंडू मिळतात. चारच्या गटात तेवढ्याच वेळात वीस मिळतात. तिसरं मोठं माणूस नसेल तर स्टेशन दोनच ठेवा, पण बॅट फिरत असलेल्या ठिकाणी मोठं माणूस असलंच पाहिजे.

फिल्डिंगच्या स्टेशनवर एक युक्ती: चेंडू अडवल्यावर पहिल्या बेसला फेकायचा नाही, बाजूला ठेवलेल्या बादलीत टाकायचा. पायांची ठेवण, खाली बसणं, ग्लोव्ह जमिनीला टेकवणं, फेकीच्या पवित्र्यात येणं, सगळं होतं आणि हाताच्या वहीत शून्य लिहिता येतं. प्रत्यक्ष फेक तीनपैकी एका सरावात. पहिले दोन आठवडे चेंडू बॅटने न मारता हाताने सरपटत सोडा. सरळ येणारे शंभर सोपे चेंडू नीट अडवले की वेगाचा बाऊ राहत नाही. फ्लाय बॉल (उंच उडालेले झेल) ९-१० वाल्यांना मऊ चेंडूने. एकदा नाकावर बसलेला खरा चेंडू वर्षभर लक्षात राहतो, आणि त्या वर्षभर ते मूल डोळे मिटून झेल घेतं.

बॅटिंगसाठी टी (चेंडू ठेवायची उभी दांडी) हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी साधन. टीवर २०, जाळीच्या आडून समोरून हळू टाकलेले २०, बस. धड वळवण्याचा ताण कंबरेलाही जाणवतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात शंभर स्विंग नकोत. चौथ्या आठवड्यापासून बुलपेन चालू असताना बॅटरला हेल्मेट घालून बॅटरच्या जागी नुसतं उभं करा, स्विंग न करता. त्याने फक्त मोठ्याने सांगायचं, बॉल (बाहेरचा) की स्ट्राइक (मारण्याजोग्या पट्ट्यातला). बॅटरची नजर तयार होते आणि पिचरला समोर माणूस असण्याची सवय होते.

बेसवरचं धावणं शिकवण्याआधी लीगचा नियम वाचा. लिटल लीगच्या लहान मैदानावर चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, आणि पुढच्या बेसकडे डोकं पुढे करून घसरलं तर तो आउट. तिथे लीड घेण्याचा (पिचआधीच बेसपासून थोडं पुढे सरकण्याचा) सराव करण्यात वेळ घालवू नका. पहिल्या बेसवरून वेग न कमी करता पुढे धावून जाणं, दुसऱ्यासाठी वळण घेणं, पाय पुढे करून ओल्या गवतावर मोजे घालून घसरणं, हे तिन्ही सहा आठवड्यांत पक्कं झालं तरी बरेच रन मिळतात.

टीम म्हणून खेळायच्या चाली मोजक्याच घ्या. १० पर्यंतच्यांना तीन: बेस कोण झाकणार, मागे आधाराला कोण जाणार, आउटफिल्डची फेक मध्ये कोण घेणार. ११-१२ ला रनडाउन (दोन बेसमध्ये अडकलेल्या रनरला बाद करणं) आणि बंटचा (बॅट न फिरवता हळूच टेकवलेल्या चेंडूचा) बचाव त्यात घाला. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना खेळायच्या चार-पाच चाली वहीत सुंदर दिसतात. सामन्यात मुलांना त्यातली एकही आठवत नाही.

दुखणं ओळखणं

‘दुखतंय का?’ असं विचारू नका. खेळायची हौस असलेलं मूल ‘नाही’च म्हणतं. ‘कुठे जाणवतंय, दाखव’ असं विचारा. दंडावर किंवा खांद्याच्या मागे अख्खा तळवा फिरवून ‘इथे सगळं जड वाटतंय’ म्हणालं तर बहुतेक वेळा स्नायूंचा थकवा असतो, दोन दिवसांत जातो. कोपराच्या आतल्या हाडावर किंवा खांद्याच्या एका ठिकाणी बोट टेकवलं तर त्या दिवसापासून फेकणं बंद, आणि डॉक्टर. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तरी तेच. बर्फ लावून किंवा वेदनाशामक गोळी देऊन फेकू देणं म्हणजे इशारा झाकणं.

पिचरचा थकवा बोलण्याआधी दिसतो. कोपर खांद्याच्या खाली यायला लागतं, चेंडू वर जायला लागतात, दोन पिचमधला वेळ वाढतो, मूल हात झटकतं किंवा खांदा फिरवत बसतं. बुलपेनमध्ये यातली दोन लक्षणं दिसली की ठरलेल्या २५ पैकी १८ च झाले असले तरी थांबवा. वहीत १८ लिहा.

शेवटचा आठवडा

नवीन काही शिकवायचं नाही. सराव सामना सुरुवातीला खेळून घ्या, त्यात प्रत्येक मुलाला निदान दोन जागा द्या. ताकदीचा व्यायाम एकदाच, निम्मा. स्प्रिंट थोड्या, पण पूर्ण वेगाने. सामन्याच्या आदल्या दिवशी कोणी फेकणार नाही.

पहिल्या सामन्याचा पिचिंग आराखडा आदल्या रात्री कागदावर उतरवा: पहिला पिचर ४५ पिचपर्यंत, दुसरा ३५, तिसरा २०. सहा इनिंगला एवढे पिच पुरतील याची खात्री नसते, म्हणून चौथा आणि पाचवा पिचरही नावानिशी लिहून ठेवा. मोजणारा माणूस वेगळा ठेवा, तुम्ही स्वतः मोजू नका, खेळ रंगला की तुमचे आकडे चुकतील. पहिला पिचर ४५ वर छान खेळत असेल आणि बाकावरून ‘अजून एक इनिंग दे’ असा आवाज आला तरी चेंडू दुसऱ्याच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या घरी फोन करून १ ते १० चा आकडा विचारा आणि वहीत पुढच्या ओळीवर लिहा.